मीटरवर नजर

बोंगसुनने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. वर कौलांवर सौरपॅनेलवाला बांग गुडघे टेकून टेपने माप घेत होता.

"आजी, ऊन काय झकास येतं हो तुमच्याकडे! सहा पॅनेल आरामात बसतील."

"कौलं फोडू नकोस म्हणजे मिळवली."

"दिवसा तुमच्या मीटरचा आकडा हलायचासुद्धा नाही. वीज कंपनीला वाटेल, या घरात कुणी राहतच नाही!"

आपल्याच विनोदावर तो मोठ्याने हसला. बोंगसुनचे हात शिडीवरून सुटले.

"अहो आजी, शिडी!"

तिने ती पुन्हा धरली.

दोन हिवाळ्यांमागे याच गल्लीतला कू म्हातारा एकोणीस दिवस घरात मरून पडला होता. त्या दिवसांत बोंगसुन रोज भाजीची पिशवी घेऊन त्याच्या दारावरून जायची. वास आला तेव्हा, कुणीतरी तो उग्र वासाचा, आंबवून मुरवलेला मासा आणलेला दिसतोय, असं वाटून तिच्या तोंडाला पाणीही सुटलं होतं. ते आठवलं की अजूनही ती पुढ्यातलं ताट बाजूला सारायची.

त्यानंतर वॉर्ड कार्यालयातली मुलगी सही घ्यायला आली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मीटरवर आता नजर राहील, वीज वापरणं थांबलं की आम्ही फोन करू, असं सांगून गेली. तेव्हापासून बोंगसुनला झोप लागायला लागली. रोज सकाळी ती गरज नसताना स्वयंपाकघरातला दिवा लावायची. उठले गं बाई, असं त्या मुलीला सांगितल्यासारखं वाटायचं.

सौरऊर्जेचा हट्ट तिच्या मुलीचा, हेरानचा. "अर्धा खर्च नगरपालिका देते, आई, आता नाही म्हणू नकोस." मुलीला काय सांगायचं, मरणाची नाही, मेल्यावर वेळेत सापडण्याची काळजी वाटते म्हणून?

बांग वरच होता. बोंगसुन आत गेली आणि तिने वॉर्ड कार्यालयात फोन लावला.

"छपरावर पॅनेल बसवले तर माझा मीटर थांबेल म्हणतात. मग तुम्हाला कसं कळणार, मी आहे की नाही ते?"

"नाव सांगा, आजी." बराच वेळ बटणांचा आवाज येत राहिला. "तुम्ही यादीत नाही."

"नीट बघ, पोरी. मी स्वतः सही केलीय."

"होतात. जानेवारीत नाव कमी झालंय. तुमच्या मुलीने राहण्याचा पत्ता तुमच्याकडचा लावलाय ना? तुम्ही आता एकट्या नाही आहात."

घरांच्या सोडतीत आईला सांभाळणाऱ्यांना जास्त गुण मिळतात, पत्ता फक्त कागदोपत्री बदलायचा, असं हेरान काहीतरी म्हणाली होती खरी. बोंगसुनने न वाचताच सहीच्या जागी उमटवायचा आपल्या नावाचा शिक्का काढून दिला होता.

"म्हणजे जानेवारीपासून..."

"मुलगी जवळ आहे, मग कसली काळजी, आजी?"

बोंगसुनने रिसीव्हर ठेवला. मे महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस घर बंद होतं. रिकाम्या घरात कार्यालयाचा फोन वाजून गेला असेल, असं ती धरून चालली होती. तिने स्वयंपाकघरात पाहिलं. सकाळी लावलेला दिवा भर दिवसा जळत होता. तिला तिथे उभं राहवेना.

ती बाहेर आली तेव्हा बांग शिडी मिटत होता.

"मग काय ठरलं? मंगळवारी आणू पॅनेल?"

"बसवून गेल्यावर तू परत कधी येशील?"

"धूळ साचली, काही बिघडलं, तर फोन करा. लगेच हजर."

"आणि मी फोन केलाच नाही तर?"

"मग सगळं ठीक चाललंय असं धरतो आम्ही."

बांगने शिडी खांद्यावर घेतली. बोंगसुनने पुढे होऊन त्याची बाही पकडली.

"तसं धरू नकोस," ती म्हणाली.