दोष : एक टाका

‘संस्थेचे नाव’ या रकान्यापुढे लाल खूण होती आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकायला तयार नव्हता. शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाई सकाळपासून तिसऱ्यांदा तिथेच येऊन अडल्या होत्या. आजवर अर्ध्या गल्लीचे अर्ज त्यांनी भरून दिले होते, पण या एका रकान्यापुढे त्यांनी हात टेकले. शेजारच्या खुर्चीत त्यांची मावशी बसली होती. तिला पडद्यावरचं काही वाचता येत नव्हतं, तरी ती पुढे वाकून बघत होती.

“काय विचारतोय तो?”

“तू कुठल्या विद्यापीठातर्फे संशोधन करतेस, ते.”

“त्याला सांग, ते स्वेटर आम्ही विणलेत.”

“तसा रकाना नाहीये, मावशी.”

आता हे कुठले स्वेटर, ते सांगायला हवं. या गल्लीच्या टोकाला एकेकाळी विणकाम केंद्र होतं. एकतीस बायका तिथे शाळांसाठी, दवाखान्यांसाठी लोकरीचे कपडे विणत. लोकर मोजून द्यायची आणि तयार कपडा परत घ्यायचा, हे काम मावशीकडे होतं. वीस वर्षांपूर्वी केंद्र बंद पडलं तेव्हा कपाटात उरलेले तीनशे बारा नग शहरातल्या वस्तुसंग्रहालयाने नेले. पुढे त्यातले चार काचेमागे लागले आणि बाकीचे खणांत गेले. मागच्या वर्षी संग्रहालयाने सगळ्यांचे फोटो काढून संकेतस्थळावर टाकले. ‘संग्रह आता सर्वांसाठी खुला’ अशी बातमीही वर्तमानपत्रात आली.

खुला म्हणजे किती खुला? फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, त्यावर आडवा संग्रहालयाचा शिक्का. मोठा फोटो हवा तर अर्ज करा, आणि अर्ज फक्त संशोधकांनी करायचा. दाराचं कुलूप काढून खिडकीला लावावं, तसा प्रकार. आपल्यापैकी प्रत्येकाने असली दारं पाहिली आहेत आणि आपण मुकाट्याने परतही फिरलो आहोत.

मावशीला मात्र परत फिरायला वेळ नव्हता. तिच्या नजरेच्या मधोमध एक धूसर डाग धरला होता आणि तो वाढत होता. वर्षभर दिसेल असं धरून चाला, डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि त्या तीनशे बारा कपड्यांपैकी कुठला कुणी विणला, हे ओळखू शकणारी ती शेवटची बाई होती.

ते ओळखायचं कसं, याची एक गंमत होती. कपड्यावर नाव घालायला केंद्रात सक्त मनाई होती. तपासनीस प्रत्येक कपडा उजेडात धरून बघायचा. दोन चुका दिसल्या की कपडा परत. एक चूक असली की चालवून घ्यायचा. बायकांनी त्या माफ असलेल्या एका चुकीचाच उपयोग करून घेतला. खालच्या काठाच्या थोडं वर, डाव्या बाजूला, प्रत्येकीने आपला एक टाका मुद्दाम चुकवायचा. कुणी उलट घाली, कुणी पिळून घेई, कुणी दोन टाके एकत्र घेऊन पुढे एक वाढवी. तपासनिसाला ती चूक वाटे. बायकांना ती सही होती.

“मग कुणाचा टाका कसा ते सांग, मी लिहून ठेवते,” भाची म्हणाली होती. मावशीने प्रयत्नही केला. पण पाच-सहा जणींच्या पलीकडे तिला सांगता येईना. अक्षर बघितलं की आपण कुणाचं ते ओळखतो, पण ते कसं असतं ते शब्दांत सांगा म्हटलं तर तोंड उघडत नाही, तसं तिचं होत होतं. समोर टाका दिसायला हवा, आणि तोही मोठा करून.

म्हणून हा अर्ज. शेवटी बाईंनी शाळेचं नाव घातलं, मुख्याध्यापकांची सही आणली. उत्तर आलं, ओळखपत्र जोडा. ते जोडलं. मग उत्तर आलं, संशोधनाचा विषय दोनशे शब्दांत लिहा. तो लिहिला. त्यानंतर दोन महिने ताकास तूर नाही. फोन केला की संबंधित साहेब जागेवर नसत, आणि असलेच तर प्रस्ताव वर गेलेला असे. बाई रात्रंदिवस चिडलेल्या असायच्या, आणि तो राग वर्गातल्या पोरांवर निघायचा. मावशी फक्त रोज सकाळी दारावरच्या कॅलेंडरचा आकडा दिसतो का ते बघायची. पाचव्या महिन्यात तो दिसेनासा झाला.

आणि त्याच आठवड्यात परवानगी आली.

रविवारी दुपारी बाईंनी लॅपटॉप टीव्हीला जोडला. गल्लीतल्या दहा-बारा बायका खोलीत दाटीवाटीने बसल्या. कुणाची आई त्या केंद्रात होती, कुणाची आत्या, कुणाची सासू. पहिला स्वेटर पडद्यावर आला. बाईंनी काठाचा डावा भाग मोठा केला. एकेक टाका तळहाताएवढा दिसू लागला. मावशी उठून पडद्याला नाक लावून उभी राहिली, मान वाकडी करून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघू लागली.

“यात नाहीये.”

दुसरा, तिसरा, दहावा. एकातही नव्हता. टाके सगळे एकासारखे एक, गुळगुळीत. विसाव्या फोटोला बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण चहाचं निमित्त करून उठली. मावशींचं वय झालं, कशाला त्रास देता, असं कुणीतरी हळूच म्हणालंही.

बाईंचा संयम सुटला. “नीट बघ ना गं! पाच महिने मी त्यांच्या दारात उभी राहिले, आणि तू नुसतं नाही नाही म्हणतेस. आठवत नसेल तर तसं सांग.”

मावशी खाली बसली. तिचा चेहरा पडलेला बघून बाईंना स्वतःचीच लाज वाटली, पण शब्द तोंडातून गेला होता. थोड्या वेळाने मावशी म्हणाली, “तो गोल गळ्याचा निळा परत लाव.”

लावला.

“हा माझा. गळ्याला असा दुहेरी काठ एकट्या मीच घालायचे. मग माझा टाका कुठंय? चाळीस वर्षांनी तो आपला आपण सुधारला का?”

दुसऱ्या दिवशी बाईंनी शाळेत अर्धी रजा टाकली आणि मावशीला घेऊन थेट संग्रहालय गाठलं. संग्रहपाल या वेळी जागेवर होते. साधा, नीटनेटका माणूस; टेबलावर एक कागद वाकडा नाही. वाईट माणूस तर मुळीच नव्हे. त्या फोटोंवर त्यांनी दोन वर्षं एकट्याने काम केलं होतं आणि कुणीतरी ते बघायला आलं याचा त्यांना आनंदच झाला.

“फोटो कसे वाटले, आजी?”

“आजी नको, मावशी म्हणा. सगळी गल्ली म्हणते. फोटोंत टाका नाहीये आमचा.”

साहेबांना आधी कळेना. मग उलगडा झाला आणि ते हसले. हसत हसतच, अगदी कौतुकाने, त्यांनी सांगितलं ते असं. इथे येण्याआधी ते कपड्यांच्या जाहिरातींचे फोटो साफ करण्याचं काम करायचे. डाग दिसला की अजूनही हात शिवशिवतो. या संग्रहात तर गंमतच होती, प्रत्येक कपड्यात नेमका एक टाका चुकलेला! नोंदवहीत त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंही होतं, ‘दोष : एक टाका.’ पण जगाने बघायचा फोटो, त्यात चूक कशाला ठेवायची? म्हणून तीनशे बाराच्या तीनशे बारा फोटोंत त्यांनी शेजारचा टाका उचलून त्या जागी बसवला होता.

“आणि मूळ फोटो?” बाईंनी विचारलं.

“ते जागा फार अडवत होते. काढून टाकले.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशीनेच त्यांचा हात दाबला आणि शांतपणे त्या चुकीची सगळी हकीकत साहेबांना सांगितली: मनाई, तपासनीस, माफ असलेली एक चूक. ऐकता ऐकता साहेबांचं हसू मावळलं. तरी ते म्हणाले, “मला कसं कळणार होतं? कुठल्याच कागदावर हे लिहिलेलं नाही. आणि लोकांना चांगलं दिसावं, एवढाच माझा हेतू होता.”

“चांगले, बिनचुकीचे स्वेटर दुकानात मिळतात की, साहेब,” मावशी म्हणाली. “ते बघायला तुमच्याकडे कोण कशाला येईल? लोक येतील ते कुणी विणलं, कसं विणलं ते बघायला. तुम्ही डाग धुतलात, त्याबरोबर बाई धुऊन गेली. कागदावर नव्हतं म्हणता. कागद आम्हाला दिला कुणी होता? पण आम्ही होतो ना. तुमच्या फाटकापासून चार बसथांब्यांवर आमची गल्ली आहे. वीस वर्षांत एकदा तरी येऊन विचारायचं. उलट आम्हीच विचारायला आलो तर म्हणता, संस्थेचं नाव सांगा.”

साहेब उठले. मग किल्ल्या घेऊन आत गेले आणि गोल गळ्याचा निळा स्वेटर घेऊन आले. हातमोजे घालून त्यांनी डावा काठ पसरला, वर भिंग धरलं. टाका तिथे होता, किंचित पिळलेला. नोंदवहीत तो टिपताना आणि फोटोतून पुसताना त्यांनी हाच टाका निदान दोनदा मोठा करून पाहिला होता. पाहिला होता, आणि काही दिसलं नव्हतं. हे त्यांना लागलं. डोळे चांगले असून उपयोग काय, असं ते स्वतःशीच पुटपुटले.

त्यांनी विचारलं, “बोटांनी कळेल तुम्हाला?” आणि आपणच घालून दिलेला नियम मोडून त्यांनी स्वेटर मावशीच्या मांडीवर ठेवला. पण आयुष्यभर सुया धरलेली, आता वयाने बधिर झालेली ती बोटं. लोकर ऊबदार लागते एवढंच त्यांना कळलं.

फोटो नव्याने काढायला हवे होते. साहेबांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं, त्यात आपली चूक लपवली नाही. उत्तराची वाट बघायला लावण्याची संस्थेची पद्धत त्यांना चांगलीच ठाऊक होती, म्हणून त्यांनी वाट न बघता खण उघडले. शनिवारी-रविवारी संग्रहालयाच्या मागच्या दालनात टेबलं लागली. गल्लीतल्या बायका हातमोजे घालून कपडे उलटे करून देत, कारण विणकाम शिकणाऱ्याशी आतली बाजूच जास्त बोलते, हेही साहेबांना त्यांनीच सांगितलं. साहेब दोन्ही बाजूंनी फोटो काढत. बाई ते लगेच टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर टाकत, आणि मावशी पडद्याला चिकटून बसून ओळखत जाई. तिचं प्रत्येक वाक्य बाई फोनवर रेकॉर्ड करत. “ही आमची उंच वहिनी. हिचा हात सैल, दर वेळी लोकर जास्त मागायची.” “ही सुईण. मध्येच उठून बाळंतपणं करून यायची. बघा, इथे वीण बदलली आहे.” आज संकेतस्थळावर यातला कुठलाही फोटो मोठा केला की मावशीचा आवाज ऐकू येतो. त्यासाठी अर्ज लागत नाही, शिक्का मध्ये येत नाही, आणि कुणाला काही ठाऊक असेल तर खाली बोलून किंवा लिहून ठेवायला जागा आहे. एका मुलीने त्या फोटोंवरून आपल्या पणजीची वीण जशीच्या तशी विणली, चुकलेल्या टाक्यासकट. ती ज्या दिवशी तो स्वेटर घालून दालनात आली, त्या दिवशी साहेबांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

पण ही गोष्ट इथेच गोड करून संपवली तर खोटं होईल. एकशे त्र्याण्णव कपडे झाले होते. त्या शनिवारी मावशी नेहमीसारखी पडद्यापाशी बसली, मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला केली, आणि म्हणाली, “टीव्ही लाव की गं.”

टीव्ही सुरूच होता.

उरले एकशे एकोणीस. अर्जात गेलेले पाच महिने ज्याने त्याने मनातल्या मनात मोजले, साहेबांनी सर्वांत जास्त. त्या एकशे एकोणीस नोंदींत ‘विणणारी’ या रकान्यात ‘अज्ञात’ लिहावं असं वरून कळवण्यात आलं. साहेबांनी ते ऐकलं नाही. त्यांनी प्रत्येक नोंदीत लिहिलं, ‘नाव सांगू शकणारी बाई हयात होती. आम्ही वेळेवर विचारलं नाही.’ संस्थेची बदनामी होते, हे वाक्य काढा, असा पुन्हा निरोप आला. “एकदा साफसफाई करून बसलोय, आता नाही,” एवढंच उत्तर त्यांनी पाठवलं.

वाचकहो, जुन्या वस्तूंचे फोटो संकेतस्थळावर टाकले म्हणजे संग्रह खुला झाला, अशी आपली समजूत आहे. पण ज्यांच्या हातून त्या वस्तू झाल्या त्यांना आधी बोलवावं लागतं, त्यांचं ऐकावं लागतं, आणि आपल्याला जी चूक दिसते ती पुसण्याआधी त्यांना विचारावं लागतं. हे संग्रहपालांनी करावं, शिक्षकांनी करावं, आणि ज्याच्या घरी एखादं विणणारं, शिवणारं, घडवणारं म्हातारं माणूस आहे त्या प्रत्येकाने करावं. मावशी अजून रविवारी दालनात येते. एकशे चौऱ्याण्णवावा स्वेटर मांडीवर घेऊन बसते आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, हा कुणाचा असेल हो?