लॉइडने परत केलेलं पाकीट

मित्रांनो, मी हाताने फेकायची एक जुनी प्लास्टिकची तबकडी आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या बागांतून डिस्क गोल्फ नावाचा खेळ चालतो, त्यातली. खांबावर साखळ्या लावलेली एक लोखंडी टोपली असते. कमीत कमी फेकींत आम्हाला तिच्यात पोचवायचं, एवढाच तो खेळ. साच्यातून बाहेर पडले तेव्हा मी पिवळीधमक होते. आता झाडांवर आपटून आपटून अंगावर इतके ओरखडे आहेत की विचारू नका.

माझा मालक लॉइड टेस्मर. दुकानात त्याने मला हातात तोलून पाहिलं तेव्हा मला धन्य वाटलं होतं. इतकी मी तेव्हा बावळट होते.

या खेळात दोन पंगती आहेत. हौशी खेळाडू जिंकला तर त्याला नव्या तबकड्या मिळतात. व्यावसायिक जिंकला तर रोख पैसे. हौशी माणूस मोठ्यांच्या, म्हणजे व्यावसायिकांच्या, गटात खेळू शकतो, पण तिथलं रोख बक्षीस एकदा घेतलं की तोही व्यावसायिक झाला. मग हौशींच्या स्पर्धा त्याला बंद. ते नको असेल तर पैशांचं पाकीट नाकारायचं.

लॉइडचा हात चांगला होता, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागेल. तो केव्हाच मोठ्यांच्यात जायला हवा होता. पण मोठ्यांच्यात गेलं की हरावं लागतं, आणि तेवढं या गृहस्थाला झेपत नव्हतं. म्हणून तो वर्षानुवर्षं लिंबूटिंबूंमध्ये राहिला. कॉलेजची पोरं, गुडघे दुखणारा पोस्टमन, नुकती खेळायला शिकलेली एखादी नर्स, अशांना हरवायचं आणि बक्षिसाच्या तबकड्या छाती फुगवून घरी न्यायच्या. वर सगळ्यांना ऐकवायचं, "आपण प्रेमापोटी खेळतो. पैशासाठी नाही." प्रेम म्हणे. भित्रेपणाला इतकं गोंडस नाव मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकलं नाही.

एका सप्टेंबरात गावच्या स्पर्धेत हौशी गटाच्या जागा भरल्या. लॉइडला नाइलाजाने मोठ्यांच्यात नाव घालावं लागलं. त्याची बायको मार्लिस त्या दिवशी पहिल्यांदाच बघायला आली होती, घडीची खुर्ची आणि सॉसेजचा डबा घेऊन. आणि लॉइड खेळला, मित्रांनो. जिंकायची कुणी अपेक्षा करत नसल्यामुळे असेल, पण मोकळ्या हाताने खेळला. लांबून फेकलं तरी मी साखळ्यांत जाऊन पडत होते. तो चौथा आला. त्या एका दिवसापुरता मला त्याचा अभिमान वाटला, आणि त्याचीच मला आज जास्त लाज वाटते.

बक्षीस समारंभात आयोजक गॉर्डीने नाव पुकारलं तेव्हा लॉइड शौचालयात होता. मार्लिस उठली आणि तिने रोख रकमेचं पाकीट घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लॉइड मला काखेत मारून परतला, तेव्हा ती नव्या नवरीसारखी लाजत होती.

"हे काय?"

"तुझं बक्षीस. चौथा आलास तू."

"तू घेतलंस? कुणी सांगितलं होतं? अगं, पैसे घेतले की मी व्यावसायिक झालो. पुढच्या महिन्यात राज्याची हौशी स्पर्धा आहे. तिथं मला उभं करणार नाहीत."

"मग मोठ्यांच्यात खेळ."

"आणि हरू?"

"आज कुठं हरलास?" मार्लिस म्हणाली. "लॉइड, तुझ्या त्या बक्षिसांनी आपलं गॅरेज छतापर्यंत भरलंय. भर जानेवारीत मी अंगणात उभी राहून गाडीवरचा बर्फ खरवडते. आता पुरे झालं की."

गॉर्डी मधे पडला. "पाकीट तू स्वतः घेतलेलं नाहीस, म्हणून अजून विचारतो. ठेवायचं की परत करायचं? आज खेळलास तो हौशी माणसाचा खेळ नव्हता, एवढं सांगतो."

लॉइडने बायकोच्या हातातून पाकीट काढून घेतलं. "परत घे," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "त्याच्या बदल्यात तबकड्या मिळतील का?"

"त्या टेबलावरच्या घे," गॉर्डी त्याच्याकडे न बघताच म्हणाला.

दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून लॉइडने मला मार्लिसकडे दिलं. "धर जरा." आणि तो टेबलावर वाकून रंग निवडू लागला.

मार्लिसने आयुष्यात कधी तबकडी फेकली नव्हती. ती बागेतल्या तळ्याकडे वळली आणि तिने मला भिरकावलं. मी सरळ गेले, बदकांच्या डोक्यावरून, लॉइडने मला कधीही नेलं नव्हतं तितक्या लांब.

"कुठल्या गटात नाव घालू तुझं, मार्लिस?" गॉर्डी मागून म्हणाला.

"ज्यात घरी काही आणावं लागत नाही, त्यात," मार्लिस म्हणाली आणि खुर्ची मिटून एकटीच गाडीकडे गेली.

मी आता तळ्याच्या तळाशी गाळात आहे. आमच्या वस्तूंच्या रिवाजाप्रमाणे मी इथं म्हणायला हवं की मित्रांनो, आम्हाला जपा. जपू नका. जपून ठेवलेल्या तबकड्या मी गॅरेजभर पाहिल्या आहेत. पाणी आटलं की कुणालातरी मी सापडेन. माझ्या पोटावर लॉइडचं नाव आणि फोन नंबर आहे, आणि सापडलेली तबकडी फोन करून परत द्यायची इथली पद्धत आहे. मला मात्र देऊ नका. तो नंबर खरवडून टाका, आणि हरला तरी चालेल अशा कुणाच्या तरी हातात मला द्या.