मसाल्याचा मान

मसाल्याचा मान आमच्या घरात गोमीबाईकडून चांगुणाबाईकडे, चांगुणाबाईकडून शेवंताबाईकडे आणि शेवंताबाईकडून माझ्याकडे आला. तिघीही एकमेकींच्या सासवा-सुना. एकीनेही तो हयातीत सोडला नाही. जुईनगर स्टेशनामागच्या आमच्या गावठाणात भातशेती गेली, मिठागरे गेली, त्यांच्या जागी सातमजली इमारती उभ्या राहिल्या. परंतु चैत्रात भावकीच्या अकरा घरांची मिरची आजही आमच्याच गच्चीवर वाळते आणि मसाला आमच्याच अंगणात भाजला जातो. डंकावरून कुटून आलेला प्रत्येक टोप मानकरणीसमोर ठेवायचा. तिने चिमूट नाकाशी न्यायची आणि 'भर' म्हणायचे. ती 'भर' म्हणेपर्यंत एकही बरणी उघडायची नाही.

सत्त्याण्णव साली निशिगंधा मोरा बंदराहून माझ्या रूपेशची बायको होऊन आली. पुढच्या चैत्रात तिने मला न विचारता पाच किलोंचा टोप तयार केला. मिरची तिने निवडली, भाजणे तिने केले, डंकावरही तीच गेली. भावकीच्या बायका जमल्या होत्या. मी चिमूट घेतली, हुंगली आणि म्हणाले, "खसखस करपली. नेऊन खाडीत ओत."

"नाय करपली, आई," ती म्हणाली.

"तुज्या म्हायेरी सुकटीच्या वासानं नाकं मेली असतील. उचल."

तिला चौथा महिना होता. टोप डोक्यावर घेऊन ती बांधावरून एकटी खाडीपर्यंत चालत गेली. बायका रांगेने मागे, मी सर्वांत मागे. मसाला करपलेला नव्हता. मला ते ठाऊक होते आणि त्या सर्व बायकांनाही. नाक प्रत्येकीला होते. एकही बोलली नाही. घर असेच चालवावे लागते, अशी माझी तेव्हा समजूत होती, आणि ती आजही फारशी बदललेली नाही.

दोन हजार वीसच्या जुलैत मला करोना झाला. विलगीकरण केंद्रात सोळा दिवस काढून घरी आले, तेव्हा चहाला वास नव्हता, सुक्या बोंबलाला नव्हता, देवापुढच्या उदबत्तीलाही नव्हता. मी कोणाला सांगितले नाही. पुढच्या चैत्रात टोप समोर आला. चिमूट नाकाशी नेताच मिरची झणझणली, डोळ्यांत पाणी आले, शिंक आली. मनाशी म्हटले, थोडे उरले आहे, एवढे पुरे. 'भर' म्हणाले. असे पाच चैत्र गेले.

या वर्षी एका वैद्यकीय महाविद्यालयाने संशोधन हाती घेतले. त्या केंद्रात राहून गेलेल्यांची फुफ्फुसे, स्मरण, वास यांची आज काय अवस्था आहे, हे घरोघर जाऊन तपासायचे होते. आमच्याकडे क्षिप्रा नावाची तरुण डॉक्टर येणार होती. तिला दिवस कळवला होता निशिगंधेने. तो नेमका मसाल्याचा दिवस होता, हे मला क्षिप्रा पेटी घेऊन अंगणात शिरली तेव्हाच कळले. अकरा घरांच्या बायका तोवर येऊन बसल्या होत्या.

पेटीत वासाच्या बारा कांड्या होत्या. "एकेक कांडी नाकाखाली धरीन आणि चार नावं वाचीन," क्षिप्रा म्हणाली. "त्यातलं योग्य नाव सांगायचं. आजी, आपण आत बसू या. तुमचा निकाल तुमच्यापाशीच राहायला हवा."

"आत कशाला?" निशिगंधा म्हणाली. "आमच्या आईंचं नाक हाय, डॉक्टर, अकरा घरांचं! होऊ द्या सगल्यांसमोर. पोरी शिकतील."

बायका हसल्या. उठून आत गेले असते, तर मान तिथेच गेला असता.

"इथंच घे," मी म्हणाले. "लपायला मी काय चोर हाय?"

क्षिप्राने पुन्हा विचारले. मी तिच्या हातातून कागद घेतला आणि सही केली.

डोळ्यांवर पट्टी बांधली गेली. पहिली कांडी आली. काहीच नव्हते, नुसती हवा. मी अंदाजाने नाव सांगितले. दुसरी, तिसरी, तशीच. अंगणातली कुजबुज हळूहळू थांबत गेली. सातव्या कांडीला क्षिप्राने वाचले, "गुलाब, केळं, कॉफी, मासळी."

"गुलाब," मी ठामपणे म्हणाले.

माझ्या चुलत जावेला हसू फुटले, "अगो बाय! म्हावऱ्याचा गुलाब केला!" आणि सगळे अंगण हसले. उरलेल्या पाच कांड्या मी त्या हसण्यातच हुंगल्या.

पट्टी सुटली तेव्हा क्षिप्राने कागद उलटा करून मांडीवर ठेवला होता.

"सांग," मी म्हणाले.

"बारापैकी तीन, आजी. न हुंगता नुसत्या अंदाजानं सांगितलं, तरी साधारण तीन येतात."

"मंग मिरचीनं शिंक कशी येते मना?"

"मिरचीची झणझण एका नसेनं कळते, वास दुसरीनं. झणझणीची नस तुमची शाबूत आहे. अशी फसगत पुष्कळांची होते, म्हणून तर आम्ही घरोघर फिरतो. उद्या गॅस गळला, तर तुम्हाला कळणार नाही. सकाळ-संध्याकाळ चार वास हुंगायचा सराव लिहून देते. पण सहा वर्षं होत आली. खात्री देत नाही."

"पाच वर्षं बाईनं शिंकांवर मसाला पास केला," जाऊ म्हणाली.

क्षिप्रा जाताना माझी माफी मागून गेली. त्या अंगणात माफी मागणारी ती एकटीच.

निशिगंधेने दिवसाचा पहिला टोप माझ्यासमोर आणून ठेवला. पाच किलोंचा. तिने स्वतः चिमूट घेतली, सावकाश हुंगली.

"खसखस करपली," ती म्हणाली. "तुमच्या देखरेखीत भाजलाय, आई. नेऊन खाडीत ओता."

मी बायकांकडे पाहिले. नाक प्रत्येकीला होते. प्रत्येकीने नजर खाली वळवली.

जिन्यातून रूपेश म्हणाला, "अगो, शहात्तर वर्षांची हाय ती. कशाला टेन्शन देतेस?"

"मी चार महिन्यांची व्हते," निशिगंधा मागे न वळता म्हणाली. "तवापन तू जिन्यातच व्हतास."

मी टोप डोक्यावर घेतला. नकार देता आला असता. परंतु अठ्ठावीस वर्षे त्या बाईने त्या दिवसाविषयी एक अक्षर काढले नव्हते, आणि आता जे परत येत होते, ते मी दिले होते तेवढेच होते.

तो बांध आता उरलेला नाही. सोसायट्यांच्या फाटकांसमोरून, वॉचमनांच्या देखत जावे लागते. सिग्नलला थांबून पामबीच रस्ता ओलांडावा लागतो. बायका रांगेने मागे, निशिगंधा सर्वांत मागे. माझ्या शेजारून फक्त मनस्वी चालत होती, त्या पहिल्या फेरीत निशिगंधेच्या पोटात असलेली माझी नात. तिने दोनदा टोपाला हात लावला. मी दोनदा झटकला.

खारफुटीपाशी भरती चढली होती. मी टोप उतरवला. वाऱ्याने मसाला उडाला आणि मला शिंक आली. मनस्वी वाकली, हुंगली आणि तशीच थांबली.

"आजी," ती हळूच म्हणाली, "हा करपलेला नाय."

"तोही नव्हता," मी म्हणाले आणि टोप पाण्यात उपडा केला.