इंग्लंडला जाऊन आलेलं रिव्हॉल्व्हर

त्या शनिवारी अमेरिकेतल्या मस्कोगी गावच्या बंदूक-बाजारात ड्युई स्टॉलकप नेहमीसारखे मनसोक्त खोटं बोलत होते. मंगळवारी त्यांचं हृदय बंद पडायचं होतं. शनिवारी जीभ मात्र ठणठणीत होती.

त्यांच्या टेबलाची सारी ऐट एकाच वस्तूवर होती. १८८३ सालचं रिव्हॉल्व्हर, दर गोळीला घोडा हातानं मागे ओढावा लागणारं.

"त्या काळचे इथले फौजदार, मार्शलसाहेब, त्यांनी यानंच तीन दरोडेखोर लोळवले," ते पर्विस नावाच्या गिऱ्हाइकाला सांगत होते. नळीवरचा इंग्रजी मुकुटाचा चिमुकला शिक्का त्यांच्या अंगठ्याखाली नेमका झाकलेला.

"डॅडी, मागच्या महिन्यात दोनच होते ना? तिसरा कधी मेला?" मुलीनं, मार्लिसनं, कॉफी ठेवता ठेवता हळूच विचारलं.

"आज सकाळी. नाश्ता करून."

शेजारच्या टेबलावरचा व्हर्जिल होक खोकल्याच्या निमित्तानं हसून घेत होता.

मार्लिस शाळेत ग्रंथपाल. त्या मुकुटाचा माग तिनं कधीच काढला होता; मार्शलचा मात्र कुठल्याच कागदात पत्ता नव्हता. १९४० साली, जर्मन उतरणार या धास्तीनं, इंग्लंडनं अमेरिकेतून मिळेल ते हत्यार मागवलं. त्यात हेही गेलं आणि एका खेड्यातल्या पहारेकऱ्याच्या कपाटात पडून राहिलं. जर्मन काही आले नाहीत. युद्धानंतर विकायचं म्हणून तिथे नळीची चाचणी झाली, मुकुटाचा शिक्का बसला आणि स्वारी जहाजानं घरी परतली. जुन्या बंदुका जमवणाऱ्या हौशी लोकांच्या लेखी असा शिक्का म्हणजे गोऱ्या गालावर देवीचे व्रण. तिनं हे सांगितलं तेव्हा डॅडींनी दोन दिवस अबोला धरला होता.

पुढच्या महिन्यात टेबलामागे मार्लिस एकटीच बसली. पर्विस आला.

"तुझ्या डॅडींनी शब्द दिला होता, बाई. मार्शलची हकीकत कागदावर लिहून सही कर, आत्ता घेतो."

या बाजारात कागदाशिवाय बंदूक म्हणजे नुसतं लोखंड. आणि वारसानं सही केली, की थापेचा इतिहास होतो.

"कर की सही, पोरी!" व्हर्जिल म्हणाला. "म्हातारा आता कुणाच्या हाती लागतोय?"

तिनं लिहिलं. पर्विसनं वाचलं.

"पहारेकरी? काय राखत होता, कोबी?"

"बहुतेक."

"आणि एकही गोळी झाडली नाही?"

"तशी नोंद नाही."

त्यानं कागद ठेवला, टोपी सारखी केली आणि चालता झाला.

"ड्युईला भर बाजारात लबाड ठरवलंस," व्हर्जिल म्हणाला. "त्याच्या तोंडावर सांगायचं होतंस."

"ते सांगितलं होतं, काका. दुसरं राहिलं."

ती बाजूच्या रिकाम्या घडीच्या खुर्चीकडे वळली. चारदोन माना वळल्या. तिनं आवाज खाली आणला नाही.

"डॅडी, दर महिन्याला दीडशे मैल गाडी हाकत मी मदतीला येत नव्हते. तुमच्या थापा ऐकायला यायचे. मला फार आवडायच्या."