थंडीत उठणारी पांढरी गाडी

मी एक जुनी पांढरी मोटारगाडी आहे. जुनी म्हटल्याबरोबर तुमच्या चेहऱ्यावर कीव आली असेल, तर ती आधी पुसून टाका, मित्रांनो. मला कीव चालत नाही. माझ्या डाव्या दारावर पोचा आहे, पुढच्या दिव्याची काच पिवळी पडली आहे आणि मीटरवर एक लाख अठरा हजार किलोमीटर आहेत. ते सगळेच्या सगळे मी स्वतः चाललेले आहेत. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्या जातीत सगळ्यांनाच ते सांगता येत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मीही कोरी होते. देवरीचे ईश्वरदास गुरुजी माझे पहिले मालक. त्यांनी मला अकरा वर्षे जपले. दर रविवारी ते मला पुसायचे, चाकातली हवा बघायचे आणि तेल बदलायची वेळ आली की कितीही काम असो, आधी तेल बदलायचे. जंगलातल्या रस्त्यावर मी एकदाही त्यांना उभे ठेवले नाही. पुढे डोळ्यांना कमी दिसू लागले म्हणून गुरुजी नागपूरला मुलाकडे राहायला गेले आणि मी गोंदियात बालाघाट रस्त्यावरच्या एका जुन्या गाड्यांच्या आवारात येऊन उभी राहिले.

त्या आवाराचे मालक दुर्गाप्रसाद. माणूस गोड बोलणारा. रोज सकाळी गिऱ्हाईक येण्याआधी ते सगळ्या गाड्या एकदा सुरू करून गरम करून ठेवत. माझ्या शेजारी एक लाल गाडी उभी होती. तिला रोज पॉलिश व्हायचे, मला आठवड्यातून एकदा पाण्याचा फवारा. लोक यायचे, लालीभोवती फिरायचे, आणि माझ्याकडे पाठ करून माझ्याच बॉनेटवर चहाचे कप ठेवायचे. सात महिने मी हे सोसले. सोसले म्हणजे गप्प बसले, कारण गाडीला दुसरा इलाज नसतो. मनातून मी एक दिवसही वाकले नाही.

डिसेंबरात एके दुपारी दवनीवाड्याहून एक कुटुंब आले. शालीकराम हे घरातले वडीलधारे, धानाची शेती करणारे, खांद्यावर दुपट्टा. त्यांचा मुलगा वीरेंद्र गावात बियाण्यांचे दुकान चालवायचा. सून चेतना नुकतीच गाडी चालवायला शिकली होती. आणि चेतनाच्या ओढणीला धरून नात गुंजन, आठ वर्षांची, अंगावर दोन दोन स्वेटर. धान विकून घरात दीड लाख जमले होते आणि त्याच्यावर एक रुपयाही चढवायची त्यांची तयारी नव्हती.

वीरेंद्र सरळ लालीकडे गेला. दुर्गाप्रसाद खूश झाले.

"भैया, क्या नजर है आपकी! तीस हजार चली है सिर्फ. डॉक्टरसाहब की गाडी थी, घर से अस्पताल, अस्पताल से घर."

चेतनाने लालीचे दार उघडले आणि खाली वाकून पाहिले. ब्रेकच्या पायडलवरचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. ती उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, चप्पल येवढी झिजली, अन् तुमी म्हणता घराबाहेर पायच नाही टाकला?"

मला तोंड असते तर मी त्याच क्षणी हसले असते. दुर्गाप्रसादही हसले, पण जरा उशिरा. मग ते म्हणाले, "दीदी, छोटी बात है. शोभा तो देखिए. गाँव में निकलोगे तो लोग पलट के देखेंगे."

"आमाले मिरवाले नाही पाह्यजे गाडी," चेतना म्हणाली. "पोरीले सिकलसेल आहे. थंडी पडली का हाडं दुखतेत तिचे, अन् मंग एक घंटाही थांबता येत नाही. गेल्या साली गाडी भेटेपर्यंत दीड घंटा गेला. पोरीनं वरडू नये म्हणून स्वेटरची बाही दातात धरली होती. पहाटेच्या थंडीत, हाक मारली का उठन, अशी गाडी दाखवा."

मित्रांनो, सात महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी आमच्याकडे रंग न मागता काम मागितले होते. मी जागच्या जागी ताठ झाले. मला त्या घरी जायचे होते. त्या मुलीसाठी जायचे होते.

आता शालीकराम पुढे झाले. त्यांनी लालीच्या बॉनेटवर हात ठेवला, मग माझ्या. दोघीही कोमट होतो. सकाळची गरमी अजून उतरली नव्हती.

"उठवलेला बैल काय पाहाचा?" ते म्हणाले. "बसलेला बैल उठताना पाहाचा. मागचे पाय कसे टाकते, तिथंच समजते. ह्या दोघी सकाळी पाहीन. थंड्या."

"चाचा, ये बैल नहीं है, गाडी है."

"मंग थंडी दाखवाले काऊन भेता?"

दुर्गाप्रसाद चिडले, पण गिऱ्हाईक सोडवेना. "देख लो," म्हणाले. शालीकरामांनी मुला-सुनेला आणि नातीला घरी पाठवले आणि स्वतः तिथेच चौकीदाराच्या बाजेवर मुक्काम ठोकला. पहाटे त्यांच्या आधी कोणी आमच्या अंगाला हात लावू नये, एवढीच त्यांची अट होती.

सकाळी सहाला धुके इतके होते की फाटक दिसत नव्हते. वीरेंद्र आणि चेतना मोटारसायकलवर कुडकुडत आले. आधी लालीला किल्ली लावली. ती दोनदा कण्हली आणि गप्प झाली. "बैटरी का है, नई डाल दूँगा," दुर्गाप्रसाद म्हणाले. मग चेतना माझ्यात बसली. खरे सांगते, मीही घाबरले होते. पहिल्या वेळी मला जमले नाही. दुसऱ्या वेळी मी जोरात खोकले, पांढरा धूर सोडला, सगळे अंग थरथरले, आणि तिसऱ्या वेळी मी सुरू झाले ते बंद करेपर्यंत थांबले नाही.

"बाबा, हे तं खोकलून रायली," वीरेंद्र तोंड वाकडे करून म्हणाला.

"खोकलली, पन उठली," शालीकराम म्हणाले, आणि त्यांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. सौदा ठरला. माझी किंमत एक लाख तीस हजार झाली. उरलेल्या वीस हजारांत मला नवे टायर आणि नवी बॅटरी मिळाली, लालीच्या पॉलिशपेक्षा कितीतरी कामाची.

दवनीवाड्यात माझे स्वागत कसे झाले म्हणता? पोरे ओरडली, "म्हतारी आली! म्हतारी आली!" शेजारच्या एका शहाण्याने विचारले की गाडीबरोबर काठीही दिली का. वीरेंद्र ओशाळला, मी नाही. त्याच हिवाळ्यात मी गुंजनला दोनदा गोंदियाच्या दवाखान्यात पोहोचवले, दोन्ही वेळा पाऊण तासाच्या आत. त्यानंतर काठीची चौकशी कोणी केली नाही. पोळ्याला शालीकरामांनी मला हळद लावली आणि पुरणपोळीचा तुकडा बॉनेटवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला गावची मुले आपापले लाकडी नंदी घेऊन सजावटीच्या स्पर्धेला निघाली, तर गुंजनने माझ्या बंपरला दोरी बांधली आणि हाच माझा नंदी म्हणून मोकळी झाली. बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांना गुण कळत नाहीत, हे तुम्हालाही शाळेत अनुभवाला आले असेल.

डॉक्टरांनी गुंजनला रोजची एक गोळी सुरू केली होती. त्या गोळीने फरक पडला. पुढचे वर्षभर तिला मोठे दुखणे आले नाही. घरात हसू आले, आणि मित्रांनो, हसू आले की माणसे विसरतात. माझे तेल बदलायची तारीख निघून गेली. "चालते तं आहे," वीरेंद्र म्हणायचा. मी बियाण्यांची पोती वाहायची गाडी झाले. आठ आठ दिवस मला कोणी हाक मारत नसे.

एकटे शालीकराम विसरले नाहीत, पण त्यांच्या मायेनेच माझा घात केला. थंडी वाढली तशी त्यांनी कोठ्यात बैलांना घालतात तशी धानाची तणस माझ्या चाकांभोवती अंथरली. मग थोडी बॉनेट उघडून इंजिनाच्या कडेने दाबली, वरून बारदाना टाकला. "लेकराले ऊब पाह्यजे," असे मला थोपटून म्हणाले. मी सुखावले, खोटे कशाला बोलू? मला असे कोणी कधी पांघरूण घातले नव्हते. पण उबेला उंदीरही आले. तणशीत राहिलेले दाणे त्यांनी खाल्ले, माझ्या पोटात घर केले आणि दाणे संपल्यावर माझ्या तारा कुरतडल्या. दात लागत होते ते मला कळत होते. सांगणार कुणाला?

संक्रांतीच्या आधी दोन दिवस, सकाळी साडेसहाला, गुंजनची हाडे दुखू लागली. चेतना तिला गोधडीत गुंडाळून अंगणात घेऊन आली. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. वीरेंद्रने बारदाना ओढून फेकला, पायाने तणस दूर केली आणि किल्ली फिरवली. काहीच झाले नाही. मी खोकलेही नाही. पुन्हा फिरवली. नुसती टक् अशी आवाजाची ठिणगी, मग शांतता.

"म्हतारीनं शेवटी धोका देल्ला!" त्याने माझ्या बॉनेटवर मूठ आपटली. "विकूनच टाकाले पाह्यजे होती इले!"

मला राग आला. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. धोका? मी? माझी तार तुटली होती, माझी हिंमत नाही.

"बोंबलू नका, ढकला!" चेतना ओरडली. तिने गुंजनला मागच्या सीटवर आजोबांच्या मांडीवर दिले, वीरेंद्रला खाली उतरवले आणि स्वतः माझ्या स्टिअरिंगवर बसली. वीरेंद्रने आरोळी दिली तशी गल्लीतली माणसे धावली, कोणी तोंडात दातून घेऊन, कोणी अनवाणी. काठीची चौकशी करणारा तो शेजारीही होता. मला ढकलत ते बोडीकडच्या, म्हणजे गावतळ्याकडच्या, उतारापर्यंत घेऊन आले. चेतनाने दुसरा गिअर टाकून ठेवला होता, क्लच दाबून धरला होता. उतारावर वेग आला तसा तिने पाय सोडला. मला एक हिसका बसला आणि मी पुन्हा गप्प.

"आखीन एकदा!" ती ओरडली. मागच्या सीटवर गुंजन कण्हत होती. पुढे उतार थोडाच उरला होता, त्याच्यापुढे बोडीचे पाणी. मित्रांनो, मी तुम्हाला सांगते, त्या वेळी माझ्यात जे काही लोखंड होते ते सगळे मी एकवटले. दुसऱ्या हिसक्याला माझ्या पोटात आग लागली, मी किंचाळले, खोकले, आणि सुरू झाले. वीरेंद्र धावत येऊन उडी मारून बसला. चेतनाने मला गोंदियापर्यंत एकदाही बंद पडू दिले नाही, आणि मीही पडले नाही.

पोरीला सलाईन लागले, औषध लागले, दुपारपर्यंत दुखणे उतरू लागले. डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, "रोजची गोळी चालू होती ना?"

गोळ्या आणायचे काम वीरेंद्रकडे होते. गोळी दिवाळीपासून बंद होती. संपली होती, आणायची राहिली होती. पोरगी बरी तर होती.

तिसऱ्या दिवशी गुंजनला घरी सोडले. तोवर दवाखान्याजवळच्या मिस्त्रीने माझे बॉनेट उघडून कुरतडलेली तार काढून दाखवली होती आणि तिच्याबरोबर ओंजळभर तणसही. शालीकरामांनी ती तणस ओळखली. ते माझ्या चाकाजवळ मटकन बसले आणि म्हणाले, "म्याच निजवली इले बैलासारखी. माहीच चूक." त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांच्यावर मी रागावले नाही, कधीच रागावू शकणार नाही.

वीरेंद्रला मात्र आपली चूक माझ्यावर ढकलायची होती. "तार जोडली तरी जुनी ते जुनीच," तो म्हणाला. "वर्षभर बरी चालते अन् ऐन वक्ताले बसते. अशीचा भरोसा नाही. विकून टाकू."

गुंजन माझ्या बंपरला टेकून उभी होती, हाताला अजून पट्टी चिकटलेली. तिने बापाकडे पाहून अगदी साधेपणाने विचारले, "बाबा, मी बी तं तशीच बसली. मंग मले बी विकता का?"

वीरेंद्रने तिला उचलून घेतले आणि तिच्या खांद्यावर तोंड लपवले. मग त्याने मिस्त्रीला विचारले, "तेल केवढ्यात बदलून देता?"

आता आमच्या अंगणात रोज सकाळी सातला एक काम होते. वीरेंद्र किल्ली फिरवतो आणि गुंजन हातात गोळी घेऊन उभी राहते. मी सुरू झाल्याशिवाय ती गोळी तोंडात टाकत नाही, आणि तिने गिळून जीभ दाखवल्याशिवाय तो माझे इंजिन बंद करत नाही.

म्हणून मित्रांनो, जुनी गाडी घ्याल तर तिला थंडीत उठवून पाहा, तिची झिजलेली पायडले पाहा, आणि एकदा घेतलीत की चालते आहे म्हणून तिला विसरू नका. जे तुमच्यासाठी उठते, त्याची वास्तपुस्त ते उभे असतानाच करा. हे मी विनंती म्हणून सांगत नाही. माझा तो हक्क आहे, आणि गुंजनचाही.