वहिनींचं मार्चिंग-आऊट

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. वहिनींच्या अनुभवाच्या पत्रात, कंपनीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासकट खोटं लिहिलंत. प्रभावती मॅडमनी आमच्याकडे रिसेप्शनचं काम केलं, असं पहिलं वाक्य. कॉम्प्युटरचं कुठलंही काम त्यांच्याकडे नव्हतं, हे दुसरं. ते दुसरं कुणी मागितलं होतं तुमच्याकडे? तुम्ही ते मुद्दाम बसून लिहिलंत. म्हणून आता मी लिहितोय, आणि तुम्हाला वाचावं लागेल.

मी श्रीपाद. तुमच्या गुडगावच्या ऑफिसात पॅकिंग लिस्ट टाइप करणारा. पानिपतच्या ज्या चादरी आणि सतरंज्या परदेशी जातात, त्यांच्या खोक्यांवरचे कागद माझ्या हातचे. प्रभावती वहिनी नोकरीला लागल्या तेव्हा खिडकीसमोर मोहरीचं शेत होतं आणि त्याच्या कडेला काचेच्या टॉवरसाठी खणलेला खड्डा. त्या दिल्ली कॅन्टोन्मेंटमधून चार्टर्ड बसने यायच्या. नवरा धोंडीराम फौजेत हवालदार, गाव साताऱ्याकडचं. मराठी कानावर पडली म्हणून पहिल्याच दिवशी मी त्यांना वहिनी म्हटलं. त्यांनी मला भाऊजी म्हटलं आणि लगेच कामाला लावलं.

"भाऊजी, हे मशीन एवढं कण्हतंय का हो?"

कण्हणार नाही तर काय. तेव्हा कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट सीडी यायची आणि आपल्या ऑफिसातला प्रत्येक जण ती मशीनमध्ये कोंबायचा. कुणी कुंडली काढणारा प्रोग्राम घातला, कुणी बुद्धिबळ. तुम्ही स्वतः ते स्क्रीनभर पोहणारे मासे घातलेत. कंटाळा आला की फोल्डर डिलीट करायचं आणि हात झटकायचे. पण प्रोग्राम काही एका फोल्डरमध्ये गप बसत नाही. त्याच्या फाइली विंडोजच्या पोटात जाऊन बसतात. फोल्डर गेलं तरी त्या तिथेच. मशीन रोज सकाळी सुरू होताना, अमुक फाइल सापडत नाही म्हणत, गेलेल्यांच्या नावाने हाका मारायचं आणि आपण एंटर, एंटर करत बसायचो.

वहिनींनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या मशीनचं कुणी मार्चिंग-आऊट केलेलं दिसत नाही."

तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगतो. फौजेतल्या माणसाला क्वार्टर मिळतं तेव्हा एमईएसचा, म्हणजे फौजेच्या इमारती सांभाळणाऱ्या खात्याचा माणूस येतो. नळ किती, पंखे किती, कुठली काच तडकलेली, सगळं बघून ताब्यात देतो. ते मार्चिंग-इन. बदली झाली की तोच माणूस परत येतो आणि दिलं तसं परत घेतो. ते मार्चिंग-आऊट. आपलं म्हणून काही मागे ठेवायचं नाही, तिथलं म्हणून काही न्यायचं नाही.

वहिनींनी हेच मशीनला लावलं. नवा प्रोग्राम घालायच्या आधी मशीनवरच्या झाडून सगळ्या फाइलींची नावं त्या फ्लॉपीवर उतरवायच्या. घातल्यावर पुन्हा उतरवायच्या. मग दोन्ही नावनिशा मशीनकडूनच ताडून घ्यायच्या. जास्तीची नावं म्हणजे पाहुण्याने आणलेलं सामान. प्रोग्राम काढायची वेळ आली की आधी त्याला स्वतःच्या पायाने जाऊ द्यायचं, म्हणजे त्याचा अनइन्स्टॉल चालवायचा, आणि मग मागे काय राहिलं ते त्या नावनिशीवरून शोधून काढायचं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कोल्हापूरची बी. कॉम. बाई, डॉसची कमांड कुठून तरी वाचून बसवली होती. मी थक्क होऊन बघत राहायचो.

एकदा म्हटलं, "वहिनी, राहिलेलं सगळंच का नाही उडवत?"

"दोरी," त्या म्हणाल्या.

"कसली दोरी?"

"अंबाल्याला आमच्या शेजारणीने अंगणात खांब रोवून कपड्यांची दोरी बांधली होती. दुसरं टोक आमच्या खिडकीला. बदली झाली तशी बाईने आपलं सामान म्हणून खांब उपटून नेला. माझं अख्खं धुणं चिखलात! खांब तिचाच हो, पण त्यावर वाळत माझं होतं. तशा काही फाइली असतात. आणतो एक, वापरतात चौघं. उपटायच्या आधी बघायचं, कुणाचं धुणं आहे का."

आता तुमच्याकडे येतो. हॉलंडचं गिऱ्हाईक येणार होतं, त्याला डिझाइनं दाखवायला तुम्ही मासिकाच्या सीडीवरचा एक ट्रायलवाला प्रोग्राम घातलात. वहिनींना न सांगता. त्याची मुदत संपली आणि तो दर पाच मिनिटाला पैसे भरा म्हणून खिडकी उघडायला लागला. तुम्ही भडकलात. वहिनी म्हणाल्या, "सर, इसका मार्चिंग-इन मैंने नहीं किया. आज का दिन दीजिए, देखकर निकालूँगी."

तुम्ही हसलात. "डिलीट ही तो करना है, मैडम. घर खाली करना थोड़े ही है."

आणि बसलात. मशीन तुम्हाला विचारत होतं, ही फाइल दुसरं कुणी वापरत असेल, काढू का? भल्या माणसासारखं विचारत होतं. तुम्ही 'यस टू ऑल' दाबलंत. मी मागे उभा होतो, साहेब.

त्यानंतर बिलांचा प्रोग्राम उघडेना. फाटकात कंटेनर उभा, ड्रायव्हर हॉर्न देतोय, पानिपतहून फोनवर फोन. मर्चंडायझर ममता रडकुंडीला आलेली, "यार, मेरा शिपमेंट गया!" तुम्ही केबिनचं दार लावून घेतलंत.

वहिनींनी पदर खोचला. बिलांच्या प्रोग्रामची नावनिशी त्यांच्याकडे होतीच. ती ताडली, ज्या फाइली गायब दिसल्या त्या माझ्या मशीनवरून फ्लॉपीवर घेतल्या आणि जिथल्या तिथे नेऊन ठेवल्या. एकीकडे ड्रायव्हरला ओरडून सांगतायत, "भैया, चाय पी लो, हॉर्न से बिल नहीं छपता!" प्रिंटर कुरकुरला, मग चालायला लागला. ममताने त्यांना मिठीच मारली.

तुम्ही केबिनमधून बाहेर आलात, कागद बघितलात आणि म्हणालात, "देखा? अपने-आप ठीक हो गया."

वहिनी मला मराठीत म्हणाल्या, "भाऊजी, अपने-आप म्हणजे मीच ना?"

मग धोंडीरामची बदली निघाली, झाशीला. तिथल्या एका शाळेने वहिनींना कॉम्प्युटर शिकवायला घ्यायची तयारी दाखवली. अट एकच. ह्या कामाचा अनुभव असल्याचं जुन्या ऑफिसचं पत्र हवं.

शेवटच्या दिवशी वहिनींनी काय केलं ठाऊक आहे? मार्चिंग-आऊट. स्वतःचं. त्यांनी लिहिलेल्या त्या छोट्या कमांड, त्यांचं फोल्डर, त्यांच्या नावनिशा, सगळं शोधशोधून काढलं. की-बोर्डसुद्धा पुसला.

मी म्हटलं, "अहो वहिनी, काहीतरी मागे ठेवा."

"भिंतीत खिळा राहिला तरी एमईएसवाला विचारतो, हा कुणाचा?" त्या म्हणाल्या. "आणि बिलांचा प्रोग्राम चालतोय, तो काय मी पर्समधून नेतेय?"

त्या पत्र मागायला आल्या तेव्हा तुम्ही मशीन उघडलंत, इकडेतिकडे बघितलंत आणि ममताला म्हणालात, "इसमें तो मैडम का कुछ है ही नहीं. क्या लिखूँ?"

एवढ्या स्वच्छ मशीनसमोर बसून बोललात हे. सकाळी ते एकही हाक न मारता सुरू होत होतं, आणि तुम्हाला तिथे काहीच दिसलं नाही.

वहिनींनी पत्र माझ्या टेबलाशी उभं राहून वाचलं आणि हसल्या. "भाऊजी, मार्चिंग-आऊट जरा जास्तच चांगलं झालं." मग पत्राची घडी पर्समध्ये घालताना त्यांना ती नीट जमेना. तीनदा घातली.

ट्रकमध्ये सामान चढतंय त्यांचं. शाळा सोमवारपर्यंत थांबणार आहे.

आणि काल तुमच्या मशीनवर पुन्हा मासे पोहायला लागले. नव्या सीडीतले. संध्याकाळी ते अडकले तेव्हा तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत. "श्रीपाद, वो मैडम जैसे निकालती थी ना, वैसे निकाल दे."

कोणती मॅडम, साहेब? रिसेप्शनवाली?

मशीनला मी हात लावलेला नाही, लावणारही नाही. ह्या कागदाबरोबर कोरं लेटरहेड जोडलंय. वहिनी त्या मशीनवर काम करत होत्या की नव्हत्या? हो की नाही, ते लिहा आणि खाली सही करा. मी दाराशी उभा आहे.