शेकाआधी ताप

माझी बायको हेमलता गेली, हे डॉक्टरांनी सकाळी आयसीयूच्या दाराबाहेर येऊन सांगितलं. मी आणि माझ्या सासूबाई तिथे उभे होतो. गर्भाशयातला जंतुसंसर्ग रक्तात पसरला, असं ते हिंदीत म्हणाले. ताप आला त्याच दिवशी आणायला हवं होतं.

सासूबाई त्यांना मराठीतच म्हणाल्या, "ताप नव्हता हो. शेकाचं अंग होतं ते."

डॉक्टरांना ते कळलं नाही. मीही समजावून सांगितलं नाही.

गाझियाबादच्या आमच्या मराठी मंडळात कुणीही बाळंत झालं की बोलावणं सासूबाईंनाच येतं. प्रभाताईंच्या हातचा शेक घेतला की कंबर जन्मभर दुखत नाही, असं सगळ्या म्हणतात. मग पोटच्या मुलीला त्यांनी काय कमी केलं असेल? डिसेंबरची थंडी होती. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, अंगावर दोन रजया. हेमलताचं अंग तापलं की ते शेकाचं. हुडहुडी भरली की ती दिल्लीची थंडी. छाती जड झाली की दूध येतंय. प्रत्येक गोष्टीला कारण सापडत होतं, म्हणून थर्मामीटर कुणी मागितलाच नाही.

आमची तान्ही मुलगी सासूबाईंकडे राहिली. मी ऑफिस सुटलं की वैशाली स्टेशनवर मेट्रोतून उतरून तिकडेच जायचो. फेब्रुवारीत हेमलताची धाकटी बहीण चेतना गुरुग्रामहून माहेरी बाळंतपणाला आली. सिझेरियन झालं, मुलगा झाला. तिला घरी आणलं त्या दिवशी सासूबाईंनी बाल्कनीतली शेगडी आत घेतली. मी केमिस्टकडून आणलेला थर्मामीटर खिशातून काढला.

"आधी ताप बघायचा, मग शेक," मी म्हणालो. "रोज, दोन्ही वेळा."

"जिजू, एअरपोर्टवर आल्यासारखं वाटतंय," चेतना म्हणाली. "चपला पण काढू?"

"चपला राहू दे. तोंड उघड."

सासूबाईंनी शेगडी खाली ठेवली. जावयाला उलट बोलायची त्यांना सवय नाही. पण चेतनाच्या नवऱ्याने, अनुरागने, मला फोन केला. "यार दादा, तुम्ही गेलात की आई तो थर्मामीटर कपाटावर टाकतात. बाळंतिणीच्या खोलीत आजारपणाची वस्तू नको म्हणतात."

मग मी ऑफिसच्या आधीही तिकडे जायला लागलो.

एका संध्याकाळी मेट्रो अडकली आणि मला उशीर झाला. पोचलो तर शेगडी बाजेखाली होती. चेतना रजईत कुडकुडत होती. माझ्याकडे बघून तिने एकही टोमणा मारला नाही.

"शेक नुकताच दिलाय," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता बघू नका, जास्तच दाखवेल."

मी शेगडी उचलून बाल्कनीत ठेवली आणि वरची रजई काढली.

"पोट दुखतंय?"

"खाली दुखतंय. सकाळपासून."

"अंगावरून जातंय, त्याला घाण वास येतो?"

मेहुणीला असं कुणी विचारत नाही. मी विचारलं. तिने आईकडे बघितलं आणि मान हलवली. येत होता.

अंगातली शेकाची ऊब उतरू दिली आणि थर्मामीटर लावला. एकशे दोनच्या वर गेला.

"दुधाचा असेल," सासूबाई म्हणाल्या. "सकाळपर्यंत बघू. बाळंतिणीला असल्या थंडीत बाहेर काढत नाहीत, गुणवंतराव."

"हेमाचंही आपण सकाळी बघणार होतो, आई."

एवढे दिवस हे मी त्यांच्यासमोर बोललो नव्हतो. त्या बाजेच्या कडेला बसल्या. मग उठल्या, चेतनाच्या कानांत कापूस घातला, डोक्याला शाल गुंडाळली आणि दारात उभ्या अनुरागला म्हणाल्या, "अनुराग, गाडी काढा. दोन्ही बाळं मी बघते."

हॉस्पिटलमध्ये चेतनाचं रक्त तपासायला घेतलं, शिरेतून औषध सुरू केलं. संसर्ग गर्भाशयातच होता, पण अजून आटोक्यात होता. काही दिवसांनी ती स्वतःच्या पायांनी चालत घरात आली.

त्या दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "हेमालाही हाच ताप होता?"

"हो."

त्या ओट्याला टेकल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"मग मी शेक देणं सोडते."

"सोडू नका. बायका दुसऱ्या कुणाला बोलावतील, आणि ती ताप बघणार नाही. तुम्ही बघा."

मागच्या आठवड्यात त्या जवळच्याच वसुंधरा वस्तीत विनया नावाच्या बाळंतिणीकडे गेल्या. मी सोडायला गेलो होतो. दारातच त्यांनी विनयाच्या सासूला सांगितलं, "आधी ताप बघणार. जास्त निघाला तर मी शेगडी पेटवणार नाही. तुम्ही गाडी मागवायची." त्या बाई जरा चिडल्याच. पण थर्मामीटर लागला.

ज्या हॉस्पिटलने बाळंतपणानंतर हेमलताला घरी सोडलं होतं, तिथेही मी जाऊन आलो. घरी सोडताना ते बाळाच्या लसी सांगतात, आईच्या खाण्याचं सांगतात. आईला ताप आला तर त्याच दिवशी परत आणा, एवढंही त्यांनी सांगावं, अशी माझी मागणी आहे. ते अजून सांगत नाहीत.